हॉटेलला कुणी सांगितलं?

१

वसुधाताईंना त्यांचा मुलगा गेल्याचं मी सांगायचं, असं ठरलं होतं. सकाळी, त्यांची झोप झाल्यावर, पोटात काहीतरी गेल्यावर, शेजारी बसून. म्हणून मी ब्लड प्रेशरचं यंत्र, झोपेची गोळी आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा असं सगळं घेऊन अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या त्या हॉटेलात शिरले. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ होता आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

रिसेप्शनवरची सोनेरी केसांची मुलगी मला बघताच हसली. छातीवरच्या पट्टीवर केल्सी असं नाव होतं.

"डॉक्टर दाबके, हो ना? मिस शिवांगींनी बुकिंगमध्ये लिहिलं होतं तुम्ही येणार म्हणून. जा वर. आणि तुमचा नवा हिप कसा आहे? गार्डनिंग सुरू झालं का परत?" तिनं गोड इंग्रजीत विचारलं.

"बरा आहे," म्हणून मी लिफ्टकडे वळले. मी अजून थोडी लंगडते, आणि या गावात इतकी वर्षं काढल्यावर कुणाची ना कुणाची लेक ओळखीची निघतेच.

वसुधाताईंनी दार उघडलं. अंगावर प्रवासातलीच साडी. चेहरा धुतलेला, कपाळ मोकळं.

"ये मंजुषा. चहा आणलायस? आणि गोळीही आणली असशील. ठेव तिथं. मला कळलंय."

"काय कळलंय?"

"माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. विवेक गेला. मी पुण्याहून निघाले तेव्हाच गेलेला होता. विमानभर जप करत आले मी, मेलेल्या मुलाला बरं वाटावं म्हणून."

थर्मास मी टेबलावर ठेवला. टेबलावर पांढऱ्या फुलांची भरलेली फुलदाणी होती, टिश्यूचा नवा कोरा खोका होता आणि एक रिकामं पाकीट होतं. पाकिटावर सुबक अक्षरात 'मिसेस खांबेटे' असं लिहिलेलं.

"कुणी सांगितलं, वसुधाताई?"

"या हॉटेलनं. काल खोलीत शिरले तर फुलांत कार्ड. सहानुभूतीचं."

"बघू ते कार्ड."

"नाही." त्यांनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी दाबून धरली. "कार्ड माझं आहे."

मी त्यांच्या दंडाला यंत्राचा पट्टा बांधला. मनगटात सोन्याची एक पाटली तेवढी खाली सरकली. प्रेशर वाढलेलं होतं, ते वाढणारच. हात धुवायला बाथरूममध्ये गेले तर पांढऱ्या टॉवेलवर लालसर डाग पडला होता आणि माझ्या बुटाखाली हिरवी काच करकरली. काहीतरी फुटलं असेल, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

बाहेर आले तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "आता जा तू. तुम्ही सगळ्यांनी मला फसवलंत. कुणीही येऊ नका."

खाली येऊन मी केल्सीला गाठलं. आमच्या पाहुण्यांच्या घरी मृत्यू झालाय हे तुला कोणी सांगितलं, असं सरळ विचारलं.

"फॅमिलीकडूनच कळलं, मॅम. आय अ‍ॅम सो सॉरी."

"फॅमिलीतलं कोण?"

"ते मी नाही सांगू शकत." ती पुन्हा हसली. "पाहुण्यांची माहिती आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही. प्रायव्हसी पॉलिसी आहे आमची."

२

आपल्या लोकांत मरणाची बातमी हप्त्याहप्त्यानं देतात. आधी 'जरा बरं नाही', मग 'अ‍ॅडमिट केलंय', मग 'सीरियस आहे, तुम्ही या'. ऐकणाऱ्याचं काळीज जपण्यासाठी म्हणे. ऐकणाऱ्यानं मात्र त्या प्रत्येक हप्त्याला आशा लावून बसायचं असतं, आणि ती खोटी असते हे त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत असतं.

विवेक खांबेटे आमच्या गावातल्या मोटार कंपनीत इंजिनिअर. मला मावशी म्हणायचा. दारातला बर्फ काढताना त्याच्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचण्याआधीच तो गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. मागे बायको रत्ना आणि नऊ वर्षांची सलोनी.

वसुधाताईंना काय सांगायचं यावर फोनवर मोठी चर्चा झाली. विवेकची धाकटी बहीण शिवांगी रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं ठरवलं की आईला प्रवासात काही कळता कामा नये. 'दादा आयसीयूत आहे' एवढंच सांगायचं. वडील, सुमंतराव, डायलिसिसवर, त्यांना येणं शक्य नव्हतं. खरं त्यांना सांगितलं आणि बायकोला विमानात बसवून देईपर्यंत चेहरा सांभाळायला लावलं. इथलं घर भेटायला येणाऱ्यांनी भरलेलं, दर्शनी भागात विवेकचा हार घातलेला फोटो, म्हणून आईला आधी एक रात्र हॉटेलात ठेवायचं आणि सकाळी डॉक्टरच्या तोंडून सांगायचं. शिवांगी सोबत झोपणार होती. तिचं विमान बर्फात रखडलं आणि आई एकटी राहिली.

रत्ना एकटी या सगळ्याच्या विरुद्ध होती. "आईंना खरं सांगा. त्यांचा मुलगा आहे," असं ती म्हणाली होती. मी तिच्या बाजूची होते. आमचं मत कुणी विचारात घेतलं नाही, सांगायचं काम मात्र माझ्या गळ्यात घातलं.

हॉटेलातून मी थेट विवेकच्या घरी गेले. बातमी माझ्या आधी पोचली होती. शिवांगी पहाटेच विमानतळावरून हॉटेलात गेली होती आणि आईनं तिलाही दारातूनच परत पाठवलं होतं. आता ती स्वयंपाकघरात उभी राहून ओरडत होती.

"वहिनीनंच सांगितलं हॉटेलला! पहिल्यापासून हिला आईला सांगायचंच होतं. आपण ऐकलं नाही, तर हिनं परस्पर करून दाखवलं. काल हिनं हॉटेलला फोन केला होता. हिच्या फोनचा कॉल लॉग दाखवू?"

रत्ना ओट्याला टेकून उभी होती. तिनं मान वर केली नाही.

"मी आईला दारातूनच सांगून आलेय हे," शिवांगी म्हणाली. "आई म्हणाली, ती असेल तिथं मी येणार नाही. दुपारी फ्यूनरल होमला अंत्यदर्शन आहे, मावशी. आई सातासमुद्रापलीकडून आलीय. ती आलीच पाहिजे. वहिनी घरी थांबेल."

"काय म्हणालीस?"

"थांबते मी," रत्ना म्हणाली. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. "आईंना बघू दे त्याला. मी थांबते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला शेवटचं बघायला बायकोनं जायचं नाही, आणि का, तर एका हॉटेलच्या कार्डासाठी. मी शिवांगीला म्हटलं, "दुपारपर्यंत मला वेळ दे. हॉटेलला कुणी सांगितलं ते मी शोधते. तोवर या घरात कुणीही कुणाला कुठं थांबायला सांगणार नाही."

३

आधी मी संजीवला गाठलं. विवेकचा ऑफिसातला मित्र, विमानतळावरून वसुधाताईंना यानंच आणलं होतं. ड्राइव्हवेवर उगाचच साफ केलेला बर्फ पुन्हा साफ करत होता.

"तू रिसेप्शनवर काय बोललास?"

"वायफाय मागितला, मावशी. काकूंना काकांशी बोलायचं होतं ना, म्हणून त्यांच्या फोनवर सेट करून दिला. रूमच्या दारापर्यंत बॅग सोडली. यार, मी आत गेलो नाही. सगळा रस्ता त्या विचारत होत्या, विवेक जेवतोय का, बोलतोय का. मी हो हो करत होतो. मला अजून दोन मिनिटं तिथं थांबवलं नसतं."

"केल्सीला काही सांगितलंस? कुणी गेलंय वगैरे?"

"नाही. तीच म्हणाली, धिस मस्ट बी अ हार्ड टाइम. मला वाटलं, माझा चेहराच तसा दिसत असेल."

म्हणजे वसुधाताई खोलीत शिरण्याआधीच हॉटेलला ठाऊक होतं. संजीव सुटला.

रत्ना लाँड्री रूममध्ये सापडली. ड्रायरपुढे जमिनीवर बसली होती, मांडीवर विवेकचे बर्फ काढायचे हातमोजे. ओले होते म्हणून वाळवायला टाकले होते, आणि आता वाळले तर ठेवायचे कुठे हे तिला कळत नव्हतं.

"हॉटेलला फोन केला होतास?"

"हो. आईंचं इन्सुलिन असतं, रूममध्ये फ्रिज आहे का विचारायला. आणि नाश्त्याला बिनअंड्याचं काही मिळेल का."

"कशासाठी आल्यात, असं विचारलं त्यांनी?"

"म्हणाल्या, वुई आर थिंकिंग ऑफ युवर फॅमिली. मावशी, मला वाटलं, अमेरिकन लोक असं बोलतात. मी थँक्यू म्हणून ठेवून दिला." तिनं डोळे पुसले. "मी सांगितलं असतं तर कबूल केलं असतं. मला सांगायचंच होतं. पण समोर बसून. असं कार्डातून कुणी कुणाला सांगतं का?"

तिचं बोलणं मला पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. शिवांगीसमोर ठेवायला माझ्या हातात काहीच नव्हतं.

शिवांगीला मी वरच्या मजल्यावर नेलं. दार लावल्यावर ती ओरडायची थांबली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"बुकिंग तू केलंस."

"हो. माझ्या नावावर, आईचं नाव दुसरी गेस्ट म्हणून. रिक्वेस्टमध्ये लिहिलं, डॉक्टर मंजुषा दाबके सकाळी येतील, त्यांना वर पाठवा. बास. कारण लिहिलंच नाही. मी किती केअरफुल होते तुम्हाला माहीत नाही, मावशी. आईला मी ऑनलाइन सगळीकडे ब्लॉक केलं. मामांना, आत्यांना, पुण्यातल्या शेजाऱ्यांना, एकेकाला शोधून ब्लॉक केलं. कुणाकडूनही आईला काही दिसायला नको. इतकं करून वहिनीनं..."

तिचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण खालून प्रीताकाकूंचा आवाज आला. आमच्या मंडळातल्या या बाई कुणाच्याही दुःखात आधी हजर असतात आणि चुका काढतात.

"रत्नाच्या हातात बांगड्या आहेत अजून, बघितलंत? नवरा जाऊन इतके दिवस झाले. बांगड्या वाढवायच्या असतात. कुणी सांगत कसं नाही हिला?"

एरवी मी खाली जाऊन त्यांना दाराबाहेर काढलं असतं. पण मी जिन्यातच उभी राहिले. बांगड्या वाढवायच्या. आपण फोडणं म्हणत नाही, वाढवणं म्हणतो.

माझ्या बुटाखाली करकरलेली ती काच हिरवी होती.

४

वसुधाताईंनी दार उघडेपर्यंत मी ठोकत राहिले. आत जाऊन मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली.

"ताई, मी सांगते त्या कार्डात काय लिहिलंय. चुकले तर मला हाकलून द्या. त्यात विवेकचं नाव नाही. त्यात मुलगा हा शब्दच नाही."

त्यांचे हात पर्सवर घट्ट झाले.

"काल तुम्ही इथं उतरलात तेव्हा हातात हिरव्या बांगड्या होत्या. दर खेपेला असतात, पाटलीच्या पुढे. सकाळी पट्टा बांधला तेव्हा नुसती पाटली होती. बांगड्यांचे तुकडे बाथरूमच्या फरशीवर आहेत आणि कपाळावरचं कुंकू टॉवेलवर. मुलगा गेला म्हणून कुठलीच आई बांगड्या फोडत नाही, ताई. कुंकू पुसत नाही. नवरा गेला असं वाटलं तरच तुमच्या पिढीतली बाई ते करते. कार्डात लिहिलं होतं, तुमचे पती गेल्याबद्दल आम्हाला वाईट वाटतं."

त्यांनी मनगटावरची पाटली मागे सारली. मग पर्स उघडून त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. आत इंग्रजीत होतं: आपल्या प्रिय पतीच्या निधनाबद्दल आमच्या सर्वांकडून मनःपूर्वक सहानुभूती. खाली हॉटेलातल्या सगळ्यांच्या सह्या, एकीपुढे बदामाचं चित्र.

"मला वाटलं, हे गेले," वसुधाताई म्हणाल्या. "मी विमानात होते तेव्हा गेले, आणि इथं सगळ्यांना कळवलंय, मला सांगायची हिंमत कुणाला नाही. मी बेसिनवर हात आपटला. एकदा नाही, परत परत. मग म्हटलं, निदान घरी कोण आहे ते बघू. फोन लावला. आणि यांनीच उचलला, मंजुषा. हे म्हणाले, हॅलो."

"आणि तुम्ही?"

"मी रडायलाच लागले. आनंदानं रडले गं मी! यांना वाटलं, मला विवेकचं कळलं म्हणून रडतेय. हे म्हणाले, गेला गं आपला विवेक, मला तुझ्याशी खोटं बोलायला लावलं सगळ्यांनी." त्यांनी तोंडावर पदर घेतला. "नवरा जिवंत असताना मी कुंकू पुसलं आणि मुलगा गेलेला असताना आनंदानं रडले. हे कोणाला सांगू मी? म्हणून कार्ड दाखवत नव्हते."

मला राग आवरेना. एवढ्याशा गुळगुळीत कागदानं या बाईला एका संध्याकाळी दोनदा उद्ध्वस्त केलं होतं, आणि खाली ती पोरगी हसत पाहुण्यांच्या हिपची चौकशी करत होती.

हिप! माझ्या डोक्यात तो शब्द अडकला. मी पॅथॉलॉजिस्ट होते. आयुष्यभर काचेच्या पट्ट्यांवरचे नमुने तपासले. मला पेशंट ओळखत नाहीत, त्यांच्या लेकी कुठून ओळखणार? माझ्या हिपबद्दल आणि बागेबद्दल मी एकाच ठिकाणी लिहिलं होतं, वॉकर धरून काढलेल्या फोटोखाली, माझ्या ऑनलाइन पानावर. आणि माझं नाव त्या हॉटेलकडे एकाच ठिकाणी होतं, शिवांगीच्या बुकिंगमध्ये.

"ताई, रत्नानं सांगितलं नाही," मी म्हणाले. "तिनं फोनवर सांगितलं असतं तर इंग्रजीत सांगितलं असतं, हर सन. सन या शब्दाचा हजबंड कसा होईल? आणि ती माय हजबंड म्हणाली असती, तर सांत्वन तिचं झालं असतं, तुमचं नाही. संजीवचंही तेच. माणसाच्या तोंडून ऐकलेल्या बातमीत ही चूक होत नाही. यांनी कुठंतरी वाचलंय, आणि वाचलेलं त्यांना समजलेलं नाही."

"काय वाचलंय?"

मी मोबाईल काढला. शिवांगीशी माझी ऑनलाइन ओळखपाळख काही नाही, तरी तिचं पान माझ्यासमोर सताड उघडलं. वर पेटलेल्या पणतीचा फोटो आणि त्याखाली एकच शब्द: दादा. त्याच्याखाली तिच्या ऑफिसातल्या लोकांनी लिहिलेलं, सॉरी फॉर युवर लॉस. आणि या सगळ्यामध्ये बारीक अक्षरात, भाषांतर पाहा.

मी त्यावर बोट ठेवलं. यंत्रानं 'दादा' हा शब्द हिंदी धरला आणि मला उत्तर दिलं: ग्रँडफादर.

५

खाली जाण्याआधी मी बाथरूममध्ये वाकून, नव्या हिपला शिव्या घालत, सगळे हिरवे तुकडे रुमालात गोळा केले आणि टॉवेल नळाखाली धुऊन टाकला. एवढं तरी हॉटेलच्या हाती लागायला नको होतं.

शिवांगी आणि संजीवला मी लॉबीत बोलावून घेतलं. वसुधाताई माझा हात धरून लिफ्टमधून उतरल्या. मी कार्ड काउंटरवर ठेवलं.

"केल्सी, येणाऱ्या पाहुण्यांची नावं तुम्ही इंटरनेटवर शोधता?"

"ऑफ कोर्स!" ती खरोखर खूश झाली. "रोज सकाळी आम्ही सगळे अरायव्हल्स बघतो. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाचा कुत्रा आजारी असतो. पाहुण्यांना डिलाइट करायचं, असं ट्रेनिंगच आहे आम्हाला. तुमच्या ट्यूलिप्स मी बघितल्या, डॉक्टर. सो प्रिटी."

"आणि या मॅडमच्या पानावर तुला काय दिसलं?"

"त्यांचे आजोबा गेल्याचं." तिनं शिवांगीकडे हळहळून बघितलं. "सोबत त्याच आडनावाच्या वयस्कर बाई येणार होत्या. आम्हाला वाटलं, ही आजी. मग ते यांचे पतीच ना? म्हणून फुलं यांच्या नावानं ठेवली."

 मी शिवांगीसमोर तिचंच पान धरलं.

"तू आईला ब्लॉक केलंस, मामांना केलंस, आत्यांना केलंस. घरातला एकेक माणूस वेचून बाहेर ठेवलास आणि उरलेल्या सगळ्या जगाला दार उघडं ठेवलंस. आपल्याकडे खासगी म्हणजे नातेवाइकांपासून लपवलेलं. परका माणूस बघत असेल हे आपल्या ध्यानीमनीही नसतं."

"मराठीत होतं ते," ती पुटपुटली. "एकच शब्द... मला वाटलं, इथं कुणाला कळणार?"

"कळलं नाहीच. तोच तर घोळ झाला." मी केल्सीकडे वळले. "आणि तू. दादा म्हणजे आमच्यात मोठा भाऊ. या बाईंचा मुलगा गेलाय. नवरा पुण्यात जिवंत आहे. तुझं कार्ड वाचून त्यांना काय झालं ते मी तुला सांगणार नाही, कारण ते त्यांचं आहे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ओ माय गॉड. मॅम, वुई ओन्ली मेन्ट... पण ते पब्लिक होतं. कुणीही बघू शकतं."

"माझ्या घराची खिडकीही रस्त्यावरून दिसते. म्हणून तू काचेला नाक लावून आत बघशील? आणि मग दार वाजवून सांगशील, तुमचा पलंग छान आहे? सकाळी मी विचारलं तेव्हा मला प्रायव्हसी पॉलिसी ऐकवलीस. त्या पॉलिसीत तुम्हाला सोडून सगळ्यांवर बंदी आहे वाटतं!"

ती रडायला लागली. मला तिची दया यायला हवी होती. मला नाही आली. मॅनेजर धावत आला, खोलीचे पैसे घेणार नाही म्हणाला, आमचा हेतू चांगला होता म्हणाला. मी त्याला सांगितलं की हेतूचं कार्ड छापून स्वतःच्या आईला पाठव.

 वसुधाताईंनी काउंटरवरचं कार्ड उचललं, पर्समध्ये ठेवलं आणि शिवांगीला विचारलं, "रत्नावर आळ घेताना तू तिला एकदा विचारलंस का?"

शिवांगीनं मान हलवली. नाही.

"मलाही नाही सुचलं विचारायचं," त्या म्हणाल्या. "संजीव, गाडी काढ. आधी घरी चल, रत्नाला घ्यायचंय."

६

रत्ना दारातच उभी होती, सलोनीचं जॅकेट हातात घेऊन. मुलीला पाठवायचं आणि आपण थांबायचं, अशी तयारी करून. शिवांगी गाडीतून उतरून तिच्याकडे गेली आणि तिच्या गळ्यात पडली. रत्नानं तिला थोपटलं. मी असते तर नसतं थोपटलं.

फ्यूनरल होमच्या मोठ्या खोलीत विवेकला नीट कपडे घालून ठेवलं होतं. भांग कुणीतरी उलट्या बाजूला पाडला होता. लोक एकेक करून पुढे येत, वसुधाताईंच्या पाया पडत आणि आमच्यात म्हणतात तेच म्हणत. काकू, शांतपणे गेला. त्रास झाला नाही. झोपल्यासारखा गेला. प्रीताकाकूंनी तर त्याच्या चेहऱ्यावरचं समाधानही दाखवून दिलं.

वसुधाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मागे भिंतीशी उभ्या असलेल्या रत्नाला हाक मारली.

"तू होतीस त्याच्याजवळ?"

"हो, आई. बर्फातच बसले होते मी, अँब्युलन्स येईपर्यंत."

"मग तू सांग. त्याला दुखलं?"

 शिवांगीनं रत्नाकडे बघितलं आणि नजर खाली केली. सलोनी म्हणाली, "ममा?" रत्नानं तिचा हात घट्ट धरला.

"दुखलं, आई. खूप दुखलं. घाबरला होता. मला म्हणाला, सोडू नको."

"सोडलंस?"

"नाही."

वसुधाताईंनी मान डोलावली. मोकळ्या हातानं त्यांनी विवेकच्या केसांचा भांग मोडून बरोबर बाजूला पाडला. मग शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस इथं," त्या रत्नाला म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग मला."

हे लिहिण्याआधी मी वसुधाताईंना विचारलं होतं, बांगड्यांचंही लिहू का. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग हो म्हणाल्या.